तोंबैखाली झोपून

आमच्या घरी येणाऱ्याला दारातच वास गाठायचा. मागच्या अंगणात, केळीच्या आळ्यापाशी, एक मोठं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेलं होतं. त्यात बैलांचे झिजलेले नाल, गंजके खिळे, मोडकी विळी, जे हाती लागेल ते लोखंड, आणि त्यावर गूळ आणि पाणी. ते आंबून आंबून त्यातून आमचं काळं निघायचं. रंगातलं काळं म्हणजे तेच, दुसरं आम्ही कधी वापरलं नाही. आंबट, तिखट, थोडा रक्तासारखा असा तो वास उशीत, भातात, आईच्या लुगड्यात मुरलेला असे. कुंभकोणमच्या त्या गल्लीत आंधळ्या माणसालासुद्धा रंगाऱ्याचं घर विचारावं लागत नसे. अप्पा, म्हणजे माझे वडील, त्या मडक्याला देवासारखे जपत. "हिरड्यात भिजल्या कापडावर हें टेकलं की ब्रह्मदेव आला तरी निघत नाही," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. गिऱ्हाइकाला त्याचं काही नसे. मला मात्र ते वाक्य पुढे जन्मभर पुरलं.

हिरड्याचं कापड म्हणजे विणकराकडून आणलेलं कोरं कापड शेणाच्या पाण्यात भिजवून, अरसलार नदीच्या वाळूत उन्हाला टाकून पांढरं करायचं आणि मग हिरडा नि म्हशीचं दूध यांत बुडवायचं. दुधाच्या स्निग्धपणामुळे शाई फुटत नाही, रेघ जिथली तिथे राहते. आई त्यावरून रोज बोलायची. "या घरात म्हशीचं दूध आधी कापड पितं, मग माणसं. कॉफीला उरलं तर उरलं." खरंच कित्येकदा सकाळी आम्हाला ताकातला शिळा भात आणि उडदाच्या पिठाचं डांगर मिळे, आणि बाहेर दोरीवर कापड दुधाने तुकतुकीत होऊन वाळत असे. ओलं कापड नदीच्या धोंड्यावर आपटल्याचा धप्प धप्प आवाज हे माझ्या लहानपणाचं घड्याळ होतं. आवाज थांबला की अप्पा जेवायला येतात, एवढं मला कळे.

आमचं काम देवळांचं. तंजावरच्या मराठे राजांबरोबर आमचे कोणी पूर्वज आले म्हणतात. राजे गेले, सरकार इंग्रजाचं झालं, पण देवांचे रथ निघायचे थांबले नाहीत, म्हणून आम्हीही थांबलो नाही. रथाला छत लागे, पडदे लागत, आणि लागत तोंबै. तोंबै म्हणजे कापडाची लांबट गोल नळी, माणसापेक्षा उंच. रथाच्या चारी कोपऱ्यांना वरून टांगतात आणि रथ हलला की ती झुलते, स्वतःभोवती फिरते. कापड सपाट असतानाच त्यावर ओळीओळींनी चित्रं काढायची: खाली पोपट आणि हत्ती, मध्ये नाचणाऱ्या बाया, सगळ्यांत वर देवी. मग शिवून त्याची नळी करायची. आमच्या घरात हे चित्र अप्पा काढत नसत. अप्पांच्या हाती रंग होता, रेघ नव्हती. रेघ होती आत्याच्या हाती.

आत्या अप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आतच माहेरी परत आली होती. का, ते घरात कोणी बोलत नसे, मीही इथे बोलत नाही. उंच, हाडकुळी, पान खाऊन ओठ लाल, आणि बोलणं सगळं प्रश्नांचं. भाजीवालीला विचारील, "ही वांगी अशी वाकडी का गे वाढली?" आणि तिने सांगेपर्यंत हटणार नाही. तिने काढलेली वरच्या ओळीतली देवी जमिनीवर अंथरलेली पाहिली की मला हसू येई. डोकं एवढं मोठं की जणू भोपळ्याला हातपाय फुटलेत. पाय आखूड, हनुवटी रुंद, आणि डोळ्यांतलं बुबुळ मध्ये नाही, पार खालच्या पापणीला टेकलेलं. मी लहान असताना एकदा तसं म्हटलंही. आत्या रागावली नाही. तिने कापडाला कच्चे टाके घातले, मागच्या माडीच्या तुळईला ते टांगलं, खाली अंगणात चक्क उताणी झोपली आणि शेजारच्या जमिनीवर हात थोपटून म्हणाली, "ये. इथे झोप. आता सांग कुठाय भोपळा."

मी झोपले आणि वर पाहिलं. भोपळा नव्हता. एक भरल्या चेहऱ्याची बाई वरून वाकून माझ्याकडे, अगदी माझ्याकडेच, बघत होती. मी उठून बसले आणि माडीवर कोणी आहे का ते बघून आले.

तेव्हापासून ती माझी आणि आत्याची रीत झाली. काळ्या रेघा पूर्ण झाल्या की रंगाच्या आधी तोंबै टांगायचा आणि खाली दोघींनी झोपायचं. रथ केवढा उंच, लोक कुठे उभे, मान किती वर, हे सगळं त्या झोपण्यात मोजलं जाई. गल्लीतून जाणारे हसत. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी मंगम्मा कठड्यावरून डोकावून तमिळमध्ये ओरडे, "काय आक्का, आज आभाळात कोण आलंय जेवायला?" आत्या खालूनच उत्तर देई, "तुझी सासू. पान वाढून ठेव." मंगम्माची सासू कधीच वारलेली होती. दोघी हसत.

इथे थांबून एक सांगते. पुढे मी चित्रांतच राहिले. लुगड्यांचे काठ, पडदे, भिंतीवरची कापडं यांची रेखाटनं करत आले, पाच-सहा प्रदर्शनांत माझी कामं लागली, आणि आता तर निवड करणाऱ्यांत मला बोलावतात. बाकीचे परीक्षक कापडासमोर हात मागे बांधून उभे राहतात. मी विचारते, हे कुठे लागणार, बघणारा कुठे असणार? म्हाताऱ्या बाईची सवय म्हणून लोक उत्तर देतात. त्यांना वाटतं ही फार जाणकार आहे. हा प्रश्न कोणाचा, आणि मला तो इतका का टोचतो, हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

तर, मला सोळावं लागलं होतं. बोटं कायमची काळी, म्हणून बघायला येणारे परत जातात असं आई म्हणे. आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. जवळचं तिला अजून दिसे, लांबचं धुक्यात जाई. म्हणून काम वाटून घेतलं होतं. चिंचेच्या काडीच्या कोळशाने आत्या आराखडा काढी, तो डोळ्यांपेक्षा हाताने. वरच्या देवीचं डोकं म्हणजे तिची पुरी वीत, मधल्या बाईचं म्हणजे अंगठा ते तर्जनी, खालच्या हत्तीचं कपाळ म्हणजे चार बोटं. त्या कोळशावरून बांबूच्या कलमाने काळं फिरवायचं ते मी. इन्नंबूरच्या देवळातल्या चार तोंबैंपैकी एक कुजला होता. उरलेले तीन आत्याचेच, पूर्वीचे. देवळाच्या कारभाऱ्यांपैकी काहींचं मत होतं की विलायती छीट आणून लावावी, स्वस्त आणि सुबक. अप्पांनी रदबदली करून एक काम मिळवलं होतं. आत्या कापड हातात घेऊन म्हणाली, "हा माझ्या हातचा शेवटचा. पुढे मला माझीच वीत दिसणार नाही." तिने ते कॉफी थंड झाली म्हणावं तसं म्हटलं.

त्याच दिवसांत शिवरामन आले. मद्रासला मोठं कलाकौशल्याचं प्रदर्शन भरणार होतं आणि तंजावर भागातल्या कारागिरांची कामं गोळा करायला त्यांना पाठवलं होतं. कोट, उपरणं, कपाळाला गंध, आणि पायांतले बूट दारात काढून आत आले, हे आईला फार आवडलं. आदल्या दिवशी ते स्वामीमलैला ओतीव मूर्ती बघून आले होते. हात भाजलेला होता, कारण साचा गरम आहे का ते त्यांनी बोट लावून पाहिलं. माणूस मोठा चौकस. मडक्यात नाक घालून शिंकला. हिरड्याचं पाणी चाखलं. गूळ का, ताडगूळ का नाही, विचारलं. आत्याला असा माणूस जन्मात पहिल्यांदा भेटला असावा. ती पडवीच्या खांबाआडून त्याला उलट प्रश्न विचारत होती.

मग त्यांनी जमिनीवर अंथरलेला एक जुना तोंबै पाहिला. रंगाचं फार कौतुक केलं. नंतर जरा चाचरत म्हणाले, "फक्त ही डोकी. आमचे परीक्षक म्हणतील, या हाताला शरीराचं माप ठाऊक नाही. आणि देवी खाली का बघते? लाजते का?" त्यांनी पिशवीतून एक छापील चित्र काढलं. एक उघडा पुरुष, त्याच्यावर आडव्या रेघा, डोक्याच्या मापाने सगळं शरीर भागलेलं. मी तसलं काही पाहिलं नव्हतं. शरीराला हिशेब असतो आणि तो कोणी कागदावर मांडलाय, याने मी अगदी हरखून गेले. ते चित्र त्यांनी मला ठेवायला दिलं. अप्पांशी बोलून ठरलं ते असं की इन्नंबूरचा नवा तोंबै रंगून झाला की न शिवता आधी मद्रासला जाईल, आणि परत आल्यावर शिवून रथाला लागेल. दुसरं कापड तयार करायला वेळ नव्हता. निघताना ते बूट घालत होते, तेव्हा मी विचारलं, "तिकडे कुठे लावणार?"

"भिंतीवर. समोर, डोळ्यांच्या उंचीला."

हे मी एकटीने ऐकलं. आत्या आत पान लावत होती.

तिचा कोळसा आधीच होऊन गेला होता. मी कलम घेऊन बसले. खालचे हत्ती, मधल्या बाया, सगळं तिच्या रेघेवरून नेमाने काढलं. वरच्या ओळीशी आले आणि कलम थांबलं. बाजूला ते छापील चित्र होतं. आत्याची वीत कोळशाने समोर होती. मी म्हणू शकते की शिवरामनांनी तसं सुचवलं, अप्पांना बक्षीस हवं होतं, तोंबै आधी मद्रासला जायचा होता. सगळं खरं आहे. पण मी देवीचं डोकं लहान केलं ते मला करून बघायचं होतं म्हणून. जमेल का, कसं दिसेल, एवढीच उत्सुकता. मान जरा लांब केली. बुबुळ मध्यावर आणलं. कोळसा फडक्याने झटकला. पहिल्यांदाच जमिनीवरची देवी मला माणसासारखी दिसली आणि ती माझी होती. मला आत्याची आठवणसुद्धा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याने तोंबै टांगायला लावला. आम्ही झोपलो. पाठीखाली उन्हाने तापलेली जमीन होती. मी वर पाहिलं. देवी कुठेतरी लांब, वर, अरुंद होत गेलेली, मिऱ्याएवढं डोकं, आणि तिची नजर आमच्यावरून समोरच्या भिंतीकडे, तिथल्या काकडीच्या वेलाकडे गेलेली. आत्याने डोळे बारीक केले, मग उघडले, मग मिटलेच.

"मला वरचं धुकं दिसतं गे. तूं सांग. बघतेय का?"

काळं वाळलं होतं. ब्रह्मदेव आला तरी निघणार नव्हतं.

"बघतेय," मी म्हटलं.

"माझ्याकडे की तुझ्याकडे?"

"दोघींकडे."

आत्या हसली, आणि कितीतरी वेळ तशीच पडून राहिली, त्या धुक्याकडे तोंड करून. मला ते हसणं नको होतं. मी उठून पाणी आणायला गेले.

मद्रासला अप्पा आणि मी गेलो. आत्या म्हणाली, "मी येऊन काय बघणार? तूं बघ, आणि येऊन सगळं ओत माझ्यासमोर." मी खरोखर सगळं बघितलं. एवढ्या कारागिरांची कामं एका छताखाली असू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. हस्तिदंती पेट्या, विझागपट्टणची शिंगाची कोरीव कामं, आमच्याच गावची पितळी समई काचेत ठेवलेली. ती तिथे इतकी परकी दिसत होती की मला तिला हात लावावासा वाटला, तर पाटीवर लिहिलं होतं, हात लावू नये. एका चौथऱ्यावर काही कारागिरांना काम करत बसवलं होतं, लोकांनी बघावं म्हणून. अप्पांनाही काळ्याच्या गाडग्यासकट तिथे बसवलं. मडमा पंखे नाकाशी धरून बघत. शेजारी बसलेला कुंभार अप्पांना म्हणाला, "स्वामी, तुमच्या वासाने माझी गर्दी पळते." अप्पा म्हणाले, "आणि तुझ्या चिखलाने माझं धोतर." दुपारपर्यंत दोघं एकाच पुडीतला चिवडा खात होते.

तोंबै भिंतीवर चार खिळ्यांनी ताणून लावला होता, पोपटांपासून देवीपर्यंत सपाट. कापडाखाली पायऱ्यांची लहान घडवंची ठेवली होती, म्हणजे वरची ओळ नीट बघता यावी. देवी समोर बघत होती आणि लोक तिच्याशी डोळ्याला डोळा भिडवून, मान वाकडी करून उभे राहत होते. ती तिथे सुंदर दिसत होती. हे मी आज खोटं कशाला सांगू. शिवरामन धावत आले आणि म्हणाले, पदक मिळालं. अप्पांनी उपरण्याने डोळे पुसले. पाठोपाठ दोन घरांतून भिंतीवरच्या कापडांची मागणी आली, तशाच देवीची, आणि माझा पुढचा सगळा धंदा तिथून सुरू झाला.

घरी आत्याने मला समोर बसवलं. मी कुंभार सांगितला, मडमा सांगितल्या, काचेतली समई सांगितली. ती हावऱ्यासारखी ऐकत होती. मग म्हणाली, "आणि लोक बघायला कुठे उभे राहत?" मी म्हटलं, "अगं, समईचं पुढे ऐक तरी." तिने ऐकलं.

इन्नंबूरचा रथ निघाला त्या दिवशी भाताची कापणी संपली होती आणि शेतातल्या खुंटांवरून चालत बाया देवळाकडे येत होत्या. आम्ही बैलगाडीने गेलो, मंगम्माही आली. आत्या दरवर्षी रथाच्या वळणावर एका ठराविक घराच्या ओट्याला टेकून उभी राही. दिसत नव्हतं तरी तिथेच उभी राहिली. तिथे रथ वळताना कोपऱ्याचा तोंबै झुलून बायांच्या डोक्यावर येतो. बाया वर बघतात, देवी त्यांच्याकडे बघत असते, आणि सगळ्यांचे हात एकदम जोडले जातात. तो क्षण आत्या कानांनी ऐके. काचेच्या बांगड्यांची एक सर वाजते, वाळूवर पाणी आल्यासारखी. मला ती म्हणाली होती, "कारभारी काय म्हणतो त्याची मला काळजी नाही. बांगड्या काय म्हणतात ते मी ऐकते."

रथ वळला. नवा तोंबै, लाल अजून ताजा, पदक मिळालेला, झुलत आमच्या डोक्यावर आला. बायांनी वर पाहिलं. एका बाईने मूल उचलून वर दाखवलं आणि मग ती स्वतःच नजरेने काहीतरी शोधत राहिली. कोणीतरी म्हणालं, "रंग छान आहे." रथ आणखी वळला, मागच्या कोपऱ्याचा जुना तोंबै आला, रंग विटलेला, कडा फाटलेली, आणि बांगड्या वाजल्या.

आत्याने मान किंचित वळवली, आवाज कुठून आला तिकडे. मग माझ्याकडे. मला दिसत होतं की तिला माझा चेहरा दिसत नाही, तरी मी तो खाली घातला.

गाडीत मंगम्मा भरपूर बोलली. आत्या पान चघळत होती. घर आल्यावर उतरताना तिने माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि हळू विचारलं, "डोकं केवढं केलंस?"

मी तिचा हात धरून माझ्या बोटांनी माप दाखवलं.

"आणि बुबुळ?"

"मध्ये."

"हं," ती म्हणाली. "मद्रासला ते भिंतीवर होतं तर."

"होय."

"मग तिथलं बरोबर केलंस." एवढं म्हणून ती आत गेली, आणि अप्पांना म्हणाली, "इन्नंबूरला दुसरा करू."

"देवळाच्या लोकांनी काही म्हटलं नाही, आक्का. उलट पदकाचं ऐकून खूश आहेत."

"मी म्हणतेय."

तोपर्यंत तिला तिची वीत दिसेनाशी झाली होती. कापड अंथरलं की ती माझा हात धरून त्यावर ठेवी, माझी बोटं आपल्या बोटांनी ताणून आपल्या वितीएवढी करी, आणि म्हणे, "इथून इथपर्यंत. कंजुषी करू नको." कोळसाही मी काढला, काळंही मी फिरवलं. भोपळ्याएवढं डोकं काढताना मला हसू आलं नाही. बुबुळ खालच्या पापणीला टेकवायच्या वेळी मी कलम इतक्यांदा बुडवून परत ठेवलं की अप्पांनी ते काढून घेतलं आणि जरा वेळाने परत दिलं. तिच्या हातचा शेवटचा मात्र तोच राहिला, मी बिघडवलेला. हा माझ्या हातचा होता.

काळं वाळल्यावर तोंबै तुळईला टांगला. आत्या काठी बाजूला ठेवून अंगणात उताणी झोपली. मी तिच्या शेजारी नेहमीच्या जागी बसायला वाकले, तेवढ्यात तिने कठड्याकडे तोंड करून हाक मारली, "मंगम्मा, जरा ये गं इकडे."

मंगम्मा इडलीचं पीठ वाटत होती. ओल्या हातांनीच आली. "काय गं आक्का, आता मला पण झोपवतेस? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. इथे झोप."

मंगम्मा कुरकुरत, गुडघ्यांवर हात देत, माझ्या जागेवर झोपली. मी दोरी धरून तुळईखाली उभी होते. वारा आला, तोंबै अर्धा फिरला आणि देवी समोर आली.

"बघतेय का?" आत्याने विचारलं.

पिठाने माखलेले हात मंगम्माने छातीवर जोडले आणि बांगड्या वाजल्या.

"उतरव," आत्या मला म्हणाली. "उद्यापासून रंग घालू."

पुढे तिच्या हयातीत मी कितीतरी तोंबै काढले. प्रत्येकाखाली ती झोपली, आणि प्रत्येक वेळी मंगम्माला हाक मारली. मला तिने पुन्हा कधी विचारलं नाही.